मेघांवर नजर, पण नदीकाठी?

किनाऱ्यावरील जनतेला वादळाची वर्दी दोन-तीन दिवस आधी मिळते. सातपुड्याच्या कुशीतील पांढुर्णा-सौंसरच्या मराठी मुलखात पूर काही तासांतच अंगावर येतो. पांढुर्ण्याशेजारील मोवाड गावात ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने २०४ बळी घेतले. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचून अशा पुराला गाठता येत नाही.

इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह अर्ध्या-अर्ध्या तासाने मेघमाथ्याचे तापमान टिपतात; दोघांच्या वेळा आळीपाळीने लावल्या तर दर पंधरा मिनिटांस चित्र मिळते. माथा झपाट्याने थंडावू लागला की मेघ उंच चढतो आहे असे समजावे. मात्र उपग्रहाला दिसतो तो माथा. खाली किती बरसले हे जमिनीवरील मापकांशी ताडूनच ठरते. नेमकी तीच मापके डोंगरात विरळ असतात.

शिवाय पाऊस मध्य प्रदेशात आणि पूर विदर्भात! ऑगस्ट २०२० अखेरीस मध्य प्रदेशातील पाणी वैनगंगेत उतरले व भंडारा बुडाला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. त्याने स्वयंचलित मापके तर बसवावीतच, परंतु त्यांची वर्दी भोपाळला जाते त्याच क्षणी नरखेडच्या तहसीलदारांकडेही पोचली पाहिजे.