कॉपी-पेस्टचे पाच कोटी!

परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सवाल्याकडे काय गर्दी असते, हे तुम्हाला सांगायला नको. पानामागे अमुक रुपये, पाठपोट असेल तर थोडं कमी, बाइंडिंगचे वेगळे. हिशेब सरळ. आता समजा, त्या काकांनी विचारलं, ‘‘ही झेरॉक्स कुठल्या खोलीत बसून वाचणार? तिथे टेबलं किती? आणि मूळ वही जिची आहे, तिच्या खोलीत किती टेबलं?’’ मग दोन्ही खोल्यांतली टेबलं मोजून त्यावर पैसे लावले. वर हेही सांगितलं, की प्रत कपाटात नुसती ठेवणार असाल तर एक दर आणि अधूनमधून उघडून वाचणार असाल तर दुसरा. तुम्ही हसाल आणि पुढच्या दुकानात जाल.

बँका, विमा कंपन्या, टेलिकॉमवाले यांना असं पटकन पुढच्या दुकानात जाता येत नाही. त्यांच्याकडे डेटाची प्रत करणारं जे सॉफ्टवेअर असतं, त्याचं बिल बरंचसं याच पद्धतीनं येतं. या प्रकाराला म्हणतात डेटा रेप्लिकेशन. तुमच्यापैकी जे आयटीत जाणार आहेत, त्यातल्या अनेकांची पहिल्या एक-दोन वर्षांतच त्याच्याशी गाठ पडेल. सिलॅबसमध्ये ‘रेप्लिकेशनचे प्रकार लिहा’ असा पाच मार्कांचा प्रश्न असतो. पैशांचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आधी हे असतं काय, ते थोडक्यात. तुम्ही वडापावचे पैसे क्यूआर स्कॅन करून दिलेत, की बँकेच्या डेटाबेसमध्ये नोंद होते. डेटाबेस प्रत्येक बदल एका लॉगमध्ये लिहून ठेवतो. दुकानदाराची रोजकीर्द असते ना, तशी. रेप्लिकेशन सॉफ्टवेअर ही रोजकीर्द सतत वाचत राहतं आणि तेच बदल दुसरीकडच्या सर्व्हरवर, त्याच क्रमानं, करत जातं. बॅकअप म्हणजे काल रात्री काढलेला फोटो. रेप्लिका म्हणजे चालू व्हिडिओ कॉल. पहिला सर्व्हर बसला, तर दुसरा उभा असतो.

हे सगळं हौसेसाठी नसतं. २ मार्च २०२४ हा शनिवार होता, तरी शेअर बाजार उघडला होता, आठवतंय? डिमॅट काढून बसलेल्यांना आठवेल. त्या दिवशी सकाळचं एक छोटं सत्र नेहमीच्या यंत्रणेवर झालं आणि दुसरं डिझास्टर रिकव्हरी साइटवरून. मुख्य केंद्र बंद पडलं तर दुसऱ्यावरून बाजार चालतो का, याची ती तालीम होती. तालमीची गरजही होती. २४ फेब्रुवारी २०२१ला एनएसईवरचे व्यवहार सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबले, ते पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. सेबीच्या नियमानुसार एक्स्चेंजला मुख्य केंद्र, दूरच्या वेगळ्या भूकंप-क्षेत्रातलं रिकव्हरी केंद्र आणि त्याशिवाय जवळपास एक ‘निअर साइट’ असं सगळं ठेवावं लागतं.

जवळची साइट कशाला? इथे फिजिक्स आडवं येतं. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत साधारण हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला पाच मिलिसेकंद, ‘मिळालं’ हा निरोप परत यायला आणखी पाच. प्रत्येक सौद्याला एवढं थांबायचं तर बाजार रांगत चालेल. म्हणून दूरच्या प्रतीला जरा मागे राहू द्यायचं आणि एकही नोंद हरवू नये म्हणून जवळ आणखी एक प्रत ठेवायची. मोजा आता: मूळ धरून तीन ठिकाणं. पैशांची गोष्ट इथून सुरू होते.

या क्षेत्रातलं जुनं आणि मोठं नाव म्हणजे गोल्डनगेट. १९९५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही कंपनी. नाव तिथल्या पुलावरून. सुरुवातीचं काम टँडम नावाच्या मशिनींवरच्या एटीएमच्या व्यवहारांचं. २००९मध्ये ओरॅकलनं ती विकत घेतली. आज तिचा जाहीर दर आहे एका प्रोसेसर लायसन्सला १७,५०० डॉलर. ऐकायला ठीक वाटतं ना? थांबा.

‘प्रोसेसर’ म्हणजे आपण समजतो ती एक चिप नव्हे. मोजायचे ते चिपमधले कोअर. (मी मास कॉमची विद्यार्थिनी, कोअर म्हटलं की मला अजूनही कोअर टीम आठवते. पण गणित पाचवीचंच आहे.) समजा, मूळ सर्व्हरमध्ये दोन चिप आहेत आणि प्रत्येकीत १६ कोअर. झाले ३२. इंटेलच्या चिपसाठी ओरॅकल ०.५नं गुणायला सांगतं, म्हणून १६ लायसन्स. प्रत जिथे जाते तो सर्व्हरही तेवढाच, म्हणून आणखी १६, कारण डेटा उचलतो ती बाजूही मोजायची आणि डेटा उतरतो ती बाजूही. ३२ गुणिले १७,५०० म्हणजे ५ लाख ६० हजार डॉलर. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरला, तर पाच कोटी चार लाख. त्यावर दरवर्षी सपोर्टचे २२ टक्के, म्हणजे आणखी एक कोटी दहा लाखांच्या वर. पाच वर्षांत सपोर्टचीच रक्कम मूळ लायसन्सला ओलांडते. यात डेटाबेसची स्वतःची किंमत धरलेलीच नाही. एंटरप्राइझ एडिशनचा जाहीर दर प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर आहे आणि तो स्टँडबाय सर्व्हरलाही लागतो.

मोठ्या गिऱ्हाइकांना घसघशीत सूट मिळते, हे खरं. पण सूट मूळ दराच्या टक्क्यांत मिळते आणि मोजदाद कोअरचीच राहते. म्हणजे डेटा पूर्वीइतकाच, काम पूर्वीइतकंच, फक्त सर्व्हर बदलून जास्त कोअरचा घेतला, तरी लायसन्सची संख्या वाढते. हार्डवेअर घेणारा विभाग वेगळा आणि लायसन्सची फाइल ठेवणारा वेगळा असला, की अशा गोष्टी कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

एक कमांड आणि तुम्ही

आता तुमच्यावर येते. समजा, तुम्ही फ्रेशर म्हणून डीबीए टीममध्ये लागला आहात. स्टँडबाय डेटाबेस शांतपणे बदल घेत बसला आहे. मॅनेजर म्हणतात, ‘‘अरे, त्याच्यावरून जरा रिपोर्ट काढता येतो का बघ.’’ तुम्ही डेटाबेस फक्त वाचण्यापुरता उघडता. क्वेरी चालते. सगळे खूश.

ओरॅकलमध्ये हा सापळा डीबीए मंडळींना चांगलाच ठाऊक आहे. स्टँडबाय बंद ठेवून बदल घेणं, हे एंटरप्राइझ एडिशनमध्ये येतं. बदल घेणं थांबवून तो वाचायला उघडणं, हेही येतं. पण बदल चालू ठेवून त्याच वेळी वाचायला उघडला, की त्याचं नाव होतं ‘अ‍ॅक्टिव्ह डेटा गार्ड’. तो वेगळा विकत घ्यायचा पर्याय आहे, जाहीर दर प्रोसेसरमागे ११,५०० डॉलर, दोन्ही बाजूंना. वरच्याच सर्व्हरचा हिशेब लावला तर तीन कोटी ३१ लाख. स्क्रीनवर ‘पैसे भरा’ असं काही येत नाही. पासवर्ड मागत नाही, लाल पट्टीही दिसत नाही. डेटाबेस फक्त स्वतःच्या एका तक्त्यात नोंद करून ठेवतो, की ही सोय अमुक तारखेला वापरली गेली.

तो तक्ता कोणीतरी वाचतं. ओरॅकलच्या करारात ४५ दिवसांची लेखी सूचना देऊन ऑडिट करण्याचा हक्क असतो. हे प्रकरण किती चिघळू शकतं, त्याचं एक उदाहरण चॉकलेटवाल्यांचं. स्निकर्स बनवणारी मार्स कंपनी २०१५मध्ये ओरॅकलच्या ऑडिटविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या कोर्टात गेली. आम्ही दोन लाख ३३ हजारांहून अधिक पानांची कागदपत्रं दिली, तरी मागण्या थांबत नाहीत, असं मार्सचं म्हणणं होतं. ज्या सर्व्हरवर ओरॅकल चालतच नाही, पण चालू शकेल, ते मोजायचे का, यावर वाद होता. कोर्टाचा निकाल लागण्याआधीच प्रकरण मिटलं, त्यामुळे मूळ प्रश्नाचं उत्तर काही जगाला मिळालं नाही.

मला स्वतःला यात खटकतं ते हे, की वापरू देणारं बटण समोर ठेवायचं आणि किंमत पीडीएफमध्ये. कंपनीचा बचावही समजतो: बँकेचा डेटाबेस ‘लायसन्स संपलं’ म्हणून भर दुपारी बंद पडला तर ते जास्त वाईट. तरी एक साधी सूचना स्क्रीनवर द्यायला काय हरकत आहे?

सगळ्यांचे नियम एकसारखे नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स घेतलेलं असेल, तर नुसत्या उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला वेगळं लायसन्स लागत नाही. त्यावरून रिपोर्ट काढायला लागलात की लागतं. फाइवट्रानसारख्या क्लाउडवाल्यांनी कोअरचा नाद सोडून महिन्यात किती वेगवेगळ्या ओळी बदलल्या, ते मोजायला सुरुवात केली. एकच ओळ महिन्यात शंभरदा बदलली तरी एकदाच धरतात. म्हणजे थोड्याच ओळी पुन्हापुन्हा बदलत असतील तर स्वस्त. पण कोणी हुशारीनं सगळ्या टेबलात एक नवा कॉलम भरला, की सगळ्या ओळी एकदम ‘बदललेल्या’. बिल बघून टीम लीडचा चेहरा बघण्यासारखा होत असणार!

फुकट ते पौष्टिक?

‘‘मग पोस्टग्रेस वापरा ना!’’ असं कॉम्प्युटरवाले मित्र लगेच म्हणतील. बरोबर आहे. पोस्टग्रेसमध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन २०१०पासून आहे, लॉजिकल रेप्लिकेशन २०१७पासून. लायसन्सचा खर्च शून्य, कोअर कितीही असोत. डेबेझियमसारखं ओपन सोर्स साधन ओरॅकलसकट अनेक डेटाबेसचे लॉग वाचतं. आणि हे काम काही फक्त परदेशात होत नाही; पोस्टग्रेसवरच उभ्या असलेल्या ईडीबी कंपनीचं कार्यालय पुण्यात आहे.

पण गिटलॅबची गोष्ट ऐकून घ्या. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री त्यांच्या पोस्टग्रेसची दुसरी प्रत मागे पडली होती. ती पुन्हा उभी करायची म्हणून इंजिनीअरनं तिचं फोल्डर पुसायला घेतलं. कमांड मात्र मूळ सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत त्यानं थांबवलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधले, तर नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस तयारच होत नव्हता. आवृत्तीची गफलत होती आणि इशारे कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी योगायोगानं घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. हे सगळं त्यांनी लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर लिहिलं. डीबीए व्हायचंय त्यांनी ते आवर्जून वाचावं.

लायसन्सला पैसे नाहीत म्हणजे पगाराला, जागरणाला आणि तालमीला लागणारच. विकतच्या सॉफ्टवेअरलाही ते लागतात, फक्त तिथे रात्री दोन वाजता फोन करायला एक नंबर असतो. त्या नंबरची किंमत दरवर्षी २२ टक्के. छोट्या स्टार्टअपला ती परवडायची नाही आणि मोठ्या बँकेला तो नंबर नसणं परवडायचं नाही. अधले-मधले जे असतात, त्यांची खरी पंचाईत होते. माझ्या मते, अशांनी आधी पोस्टग्रेसचा जाणकार माणूस शोधावा आणि मगच सेल्सवाल्याला चहाला बोलवावं.

यात करिअरही आहे, आणि ते फक्त इंजिनीअरिंगवाल्यांचं नाही. मोठ्या कंपन्यांत लायसन्स सांभाळणारी स्वतंत्र टीम असते. करार वाचणं, कोअर मोजणं, ऑडिटच्या पत्राला उत्तर देणं हे तिचं काम. कॉमर्स आणि लॉच्या विद्यार्थ्यांना हे चांगलं जमू शकतं, कारण बारीक अक्षरातलं वाचायची सवय त्यांनाच असते. डीबीएच्या नोकरीत रुजू झालात तर पहिल्या आठवड्यात एवढं विचारा: स्टँडबायवर काय करायला परवानगी आहे आणि ते कुठे लिहिलंय? उत्तर ईमेलवर घ्या.

तोवर हात साफ करायला पैसे लागत नाहीत. गोल्डनगेटची मोफत आवृत्ती २० जीबीपर्यंतच्या डेटाबेसला चालते, एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन शिकण्यासाठी फुकट आहे. सगळ्यात सोपं म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन पोस्टग्रेस टाका, एकाला दुसऱ्याच्या मागे लावा. पहिल्यात हॉस्टेलच्या मेसचा हिशेब भरत जा. मग मध्येच दुसरा बंद करा, पहिल्यात पंधरा-वीस नोंदी टाका, दुसरा पुन्हा चालू करा आणि राहिलेल्या नोंदी त्यात एकामागोमाग एक कशा येऊन बसतात, ते बघा.