पळसदेव: उजनीच्या पोटातल्या देवळाभोवती

कळसच्या माळावर उभं राहून कुणाला धरण आठवणार नाही. कुसळी गवत, बाभळी, नशीब असेल तर लांबून टकमक बघणारा एखादा चिंकारा. पण इथून उत्तरेला निघून पुणे-सोलापूर महामार्ग ओलांडला की उजनीचा फुगवटा लागतो. धरण बऱ्यापैकी भरलेलं असलं तर त्या पाण्यातून एका देवळाचं शिखर तेवढं वर आलेलं दिसतं. ते पळसनाथाचं देऊळ. त्याच्या पायाशी जुनं पळसदेव आहे, सगळं पाण्याखाली.

फ्रान्समधल्या शार्त्र गावाची ख्याती अशी की गव्हाच्या सपाट रानावर कॅथेड्रलचे दोन मनोरे कोसांवरून दिसतात आणि गाव नंतर येतं. पळसदेवलाही शिखर आधी दिसतं. गाव मात्र दिसायला दुष्काळ पडावा लागतो.

भीमेवरच्या या धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये संपलं. त्याची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त, जवळजवळ ६४ टीएमसी, मृतसाठाच. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशी बातमी येते, तेव्हा या मृतसाठ्याला हात लागलेला असतो. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारी ही बातमी, आणि देवळाच्या दर्शनाची वाटही तीच उघडते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं हटलं की देऊळ पायापर्यंत मोकळं झालं आणि लोक चालत गेले.

तसं पाणी हटलं असेल तर चालतच जावं. भेगाळलेला गाळ, पायाखाली कुरकुरणारे शिंपले, मधूनच घरांच्या जोत्यांचे दगड. पाणी थोडं जास्त असेल तर चिलापी धरणाऱ्या मच्छीमाराला विनवून होडीतून जायचं. गावकऱ्यांनी विस्थापित होताना देवही सोबत नेला. महामार्गालगतच्या नव्या गावात त्याचं नवं देऊळ आहे. त्यामुळे जुन्या देवळात पूजा नाही, गुरव नाही. उरलं आहे ते बांधकाम, आणि ते डोळे भरून बघण्यासारखं आहे.

आधी शिखर बघा. ही भूमिज शैली. चारही अंगांना मधोमध एकेक सरळ पट्टा तळापासून टोकाकडे चढत जातो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत त्याच शिखराच्या लहान लहान प्रतिकृती, ओळीवर ओळ, वर जाताना आक्रसत गेलेल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक ‘भूमी’, एक मजला. ही शैली माळव्यात परमारांच्या काळात बहरली आणि आपल्याकडे अंबरनाथला (१०६०), सिन्नरच्या गोंदेश्वराला दिसते. इथे वरचं काम विटा आणि चुन्याचं आहे. ते पाण्यात टिकलं, याचंच मला सर्वांत जास्त अप्रूप वाटतं.

ते कसं टिकलं, याचं थोडं उत्तर बांधणीच्या रीतीत आहे. ११९४ च्या आगीनंतर शार्त्र नव्यानं उभं राहिलं, तेव्हा तिथल्या गवंड्यांनी दगडी छत सुमारे ३७ मीटर उंच नेलं. कमानीचं छत भिंतींना बाहेर रेटतं, म्हणून त्यांना बाहेरून दगडी टेकू द्यावे लागले. आपल्या पाथरवटांनी वेगळी वाट धरली. खांबावर तुळई, तुळईवर आडवे दगड, वरचा थर खालच्याहून किंचित पुढे सरकवलेला. भार जवळजवळ सरळ खाली उतरतो, बाजूला रेटा फार कमी. दगड एकमेकांवर आपल्या वजनानं बसलेले.

आता त्यात पाणी भरा. धरणाचं पाणी हळूहळू चढतं, दारातून आत येतं, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना सारख्याच उंचीवर राहतं. मग ढकलणार कोण? शिवाय बेसाल्टच्या घनमीटरभर दगडाचं वजन तीन टनांच्या आसपास, आणि बुडाल्यावर त्यातला एक टन पाणीच पेलतं. म्हणजे बुडालेला दगडी भाग एक तृतीयांशानं हलका होतो, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तेवढं वजन पुन्हा अंगावर घेतो. वर्षामागून वर्षं हेच चाललं आहे. खरा घात बुडण्यानं कमी आणि या ओल्या-सुक्या फेऱ्यांनी जास्त होतो. वीट वाळताना पाण्यातले क्षार तिच्या रंध्रांत स्फटिक होऊन फुगतात आणि पापुद्रे सुटतात. शिखराजवळ जाऊन विटांच्या कडा न्याहाळल्या की झीज नजरेला येते.

घाई न करता आवारातले वीरगळही वाचावेत. ते खालून वर वाचायचे असतात. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, मध्ये लढाई, त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहो. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या ल्यालेला हात असतो. बुळबुळीत गाळ हातानं हळूच पुसला की एकेक बांगडी वेगळी दिसू लागते. कुणाचं नाव नाही, पण कुणासाठी तरी गाव थांबलं होतं एवढं त्या दगडावरून कळतं.

शिखरावर चढून फोटो काढणारे मी पाहिले आहेत आणि मला ते सहन होत नाही. पाण्यानं भुसभुशीत केलेल्या विटेवर माणसाचं वजन टाकायचं नसतं. सुटा दगडही उचलून नेऊ नये, पुढे कुणी हे देऊळ मोजून पुन्हा जुळवायचं ठरवलं तर तोच नेमका लागेल. असं मोजमाप दर उन्हाळ्यात व्हायला हवं, कारण दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय झीज किती वेगानं चालली आहे ते सांगता येणार नाही. जायचं असेल तर एप्रिलअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा बरा. निघण्याआधी धरणाचा टक्का बघा, गावात विचारा, आणि पाऊस सुरू झाला असेल तर दौंडकडून धरणात येणारा विसर्ग किती आहे ते कळल्याशिवाय गाळात पाऊल टाकू नका.