सोनेरी नळ्यांची किंमत

माउंटन बाइकच्या पुढच्या फोर्कवर सोनेरी नळ्या चमकल्या की जाणकार लगेच ओळखतात: फॉक्स कंपनीचा ‘काशिमा’ लेप. ही प्रक्रिया जपानच्या मियाकी कंपनीची. ॲल्युमिनियमवर हार्ड ॲनोडायझिंग केलं की पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं तयार होतात. त्यांत मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे कोरडं वंगण भरलं जातं.

फायदा खरा आहे. नळी सरकू लागताना होणारी अडखळ कमी झाली, की बारीक खडीचे धक्केही फोर्क पचवतो आणि मनगटं कमी थकतात.

पण घर्षण काही फक्त नळीवर नसतं. रबरी सील, आतले बुश, सुकलेल्या स्पंजच्या रिंगा, सगळेच त्यात भर घालतात. फॉक्सच्याच ‘परफॉर्मन्स एलिट’ फोर्कमध्ये महागड्या ‘फॅक्टरी’ मॉडेलचीच आतली यंत्रणा मिळते, नळ्या तेवढ्या काळ्या ॲनोडायझिंगच्या. हौशी स्वाराने बेलाशक तोच घ्यावा आणि वाचलेले पैसे सर्व्हिसिंगला ठेवावेत. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी तर फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिसिंग दर 50 तासांनी करायला सांगते. चिखलात फिरणाऱ्यांनी ती चुकवू नये. फोर्क जुना असेल, तर नवा शोधण्याआधी सील आणि तेल बदलून एक फेरी मारून पाहावी.