अभिजात चित्रपट कशास म्हणावे?

'जुने ते सोने' ही म्हण आपण नेहमी वापरतो. परंतु माळ्यावरची प्रत्येक जुनी वस्तू काही सोन्याची नसते. चित्रपटांचेही तसेच आहे. केवळ जुना म्हणून कोणताही चित्रपट अभिजात ठरत नाही. पुष्कळ दिवस चालला म्हणूनही ठरत नाही. ज्यांच्या तिकिटांसाठी एके काळी रांगा लागल्या, त्यांपैकी कित्येकांची नावेसुद्धा आज कोणाच्या स्मरणात नाहीत. विषय थोर असला म्हणजे चित्रपट थोर होतो, असेही म्हणता येत नाही. संत तुकारामांच्या चरित्रावर एकाहून अधिक चित्रपट निघाले; लोकांच्या मनात घर करून राहिला तो मात्र एकच. मग अभिजातपणाची खरी कसोटी कोणती? त्या एका चित्रपटाच्या आधारेच ती शोधण्याचा आम्ही येथे यत्न करणार आहोत.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट १९३६ साली प्रकाशित झाला. ध्वनिलेखनात निष्णात असलेले विष्णुपंत दामले आणि कलादिग्दर्शनात निष्णात असलेले फत्तेलाल या दोघा मित्रांनी तो दिग्दर्शित केला. एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस त्यात तुकाराम झाले आणि जिजाईची भूमिका गौरी या नटीने केली. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

या चित्रपटात चमत्कार आहेत. इंद्रायणीत बुडविलेले अभंग परत मिळतात. अखेरीस वैकुंठाहून विमान उतरते. त्या काळच्या प्रेक्षकांनी ही दृश्ये हात जोडून पाहिली असतील. आजच्या विद्यार्थ्यास मात्र त्यांतील छायाचित्रणाची युक्ती तत्काळ कळते आणि क्वचित हसूही येते. त्यात वावगे काही नाही. युक्ती हे यंत्राचे काम. अधिक चांगले यंत्र आले की जुनी युक्ती फिकी पडावयाचीच.

परंतु जिजाई पडद्यावर आली की ते हसू मावळते. पती नामस्मरणात रंगलेला, घरात धान्याचा कण नाही आणि पोरांची तोंडे मात्र समोर. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातील वहाण काढून प्रत्यक्ष विठ्ठलावर उगारते. भक्तिपर चित्रपटात देवावर वहाण उगारली जाते आणि तरीही पाहणाऱ्याला त्यात देवाची विटंबना वाटत नाही. कारण तो एका आईचा आकांत आहे. शेवटी तुकाराम तिला वैकुंठास चलण्याविषयी विचारतात, तेव्हा मुलांचे पाहावयाचे आहे म्हणून ती नकार देते. तुकारामांची भक्ती खरी आणि जिजाईची चिंताही तितकीच खरी! दिग्दर्शकांनी एकाची थोरवी वाढविण्यासाठी दुसरीस लहान केले नाही. नव्वद वर्षे होत आली, तरी हा चित्रपट ताजा वाटतो, त्याचे मर्म आमच्या मते येथे आहे.

त्यातील इतर कलाही याच सत्याच्या सेवेस लागल्या आहेत. केशवराव भोळे यांचे संगीत कथेवर कुरघोडी करीत नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग तर खुद्द तुकोबांचाच, असे कित्येकांनी मानले. बोलणे कोंकणीत आणि भजन मराठीत, अशी आमच्या घरांची जुनी रीत. त्यामुळे देहूचे ते घर आम्हांस कधी परके वाटले नाही.

तथापि भाषा ठाऊक नसली तरी अभिजात कृती परकी राहत नाही. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा बंगाली चित्रपट १९५५ चा. पैशांअभावी त्याचे काम वारंवार अडले. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने ते पुरे झाले. त्यात दुर्गा आणि अपू ही भावंडे काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत आगगाडी पाहावयास जातात. आगगाडीचे अप्रूप आज कोणास उरले आहे? परंतु त्या दोन मुलांचे विस्मयाने भरलेले डोळे जुने झालेले नाहीत. चमत्काराची वस्तू जुनी होते. माणसाचा जीव जुना होत नाही.

मात्र अभिजात कृतीही आपोआप टिकत नाही. पूर्वीच्या नायट्रेटच्या फिती चटकन पेट घेत आणि नीट न सांभाळल्यास विरून जात. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या मूकपटाचा काही भागच आज उपलब्ध आहे. 'आलम आरा' (१९३१) या आपल्या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. जुने चित्रपट जतन करण्यासाठी पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. 'पथेर पांचाली'च्या मूळ फितींनाही १९९३ साली लंडनमधील आगीची झळ पोहोचली. तज्ज्ञांनी त्या मोठ्या कष्टाने सावरल्या, म्हणून २०१५ साली तो चित्रपट नव्या तेजाने पुन्हा लोकांसमोर आला.

विद्यार्थी मित्रहो, फिती जपणे हे संग्रहालयाचे काम. चित्रपट जिवंत ठेवणे हे मात्र प्रेक्षकाचे. सुटीत वडील मंडळींसमवेत असा एखादा चित्रपट अवश्य पाहा आणि वर्षा-दोन वर्षांनी तो पुन्हा पाहा. चित्रपट तोच असेल. परंतु पहिल्या वेळी विमानाकडे लागलेली तुमची दृष्टी दुसऱ्या वेळी दाराशी उभ्या राहिलेल्या जिजाईकडे वळली, तर तो चित्रपट अभिजात आहे, असे खुशाल समजा.