जोडघराची डागडुजी

शाळेंत शिकवीत असतांना 'शेजारधर्म' या विषयावर मीं मुलांकडून कितीतरी निबंध लिहवून घेतले असतील. पण त्या विषयांत माझी स्वतःची परीक्षा झाली ती पेन्शन घेतल्यावर, घराची बाहेरची बाजू दुरुस्त करावयास काढली तेव्हां; आणि पहिल्या खेपेस मी नापास झालों.

आमचें घर म्हणजे जोडघर. छप्पर एक, दर्शनी भिंत सलग, मधली भिंत सामाईक, आणि दोन अर्धांचे मालक दोन. बांधकाम जुनें, चुन्यांतील विटांचें. माझा अर्धा भाग कळाहीन दिसूं लागला, म्हणून मीं जुना गिलावा खरवडून सिमेंटाचा केला आणि त्यावर तकतकीत प्लॅस्टिक रंग दिला. शेजारच्या गृहस्थांस विचारलें नाहीं. ते जुन्या वळणाचे. ठराविक काळानें चुन्याची सफेदी, एवढाच त्यांचा शिरस्ता. मला त्यांची काटकसर खटके, त्यांना माझी हौस. पुढच्या पावसाळ्यांत, दोन घरें जेथें जुळतात त्या कोपऱ्यांत त्यांच्या खोलीला ओल आली आणि लोणा फुटला. ते येऊन एवढेंच म्हणाले, "मास्तर, भिंत दोघांची आहे, हें मीं तुम्हांला सांगावें काय?" त्यानंतर चार महिने आम्ही अंगणांत एकमेकांची नजर चुकवीत होतों.

असें कां झालें, तें पाहूं. जुन्या काळीं चुनखडी भट्टींत भाजून, पाण्यानें विरवून, वाळूबरोबर घाणींत मळीत. असा चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून हळूहळू घट्ट होतो, पण सच्छिद्र राहतो. पायांतून वर चढलेली ओल किंवा मुरलेलें पावसाचें पाणी त्या छिद्रांतून वाफेच्या रूपानें निघून जातें. पोर्टलंड सिमेंट त्या मानानें अलीकडचें. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यांनीं त्याचें पेटंट १८२४ सालीं घेतलें. तें कणखर आणि दाट असतें. जोत्यांत ओल अडविणारा थर घातलेल्या नव्या इमारतीस तें ठीक; पण चुन्याच्या जुन्या भिंतीवर तें चढविलें आणि वर वाफ न सोडणारा रंग दिला, कीं आंतल्या ओलीची वाट बंद होते. मग ती सरकत जाऊन, जेथें चुना मोकळा आहे तेथें, म्हणजे शेजाऱ्याकडे, बाहेर पडते. पाणी उडून जातें आणि मागें क्षार राहतात, तोच लोणा. शिवाय उन्हानें सिमेंट व चुना सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. त्यामुळें दोहोंच्या सांध्यावर बारीक चीर पडून पावसाचें पाणी आंत शिरतें.

असल्या प्रकरणांत कायदा अगदींच मुका नाहीं. १८८२ चा इझमेंट्सचा कायदा मुंबई इलाख्यास १८९१ सालीं लागू झाला. एका इमारतीला दुसरीचा आधार हक्कानें, बिनतक्रार व अखंड वीस वर्षें मिळत आला असेल, तर तो काढून घेतां येत नाहीं, असें तो सांगतो. इंग्लंडांत जोडघरें फार. तेथील १९९६ च्या कायद्याप्रमाणें सामाईक भिंतीला हात घालावयाचा तर दोन महिने आधीं शेजाऱ्यास लेखी कळवावें लागतें. परंतु गिलाव्यासाठीं वकिलाची पायरी चढावी असें मला वाटेना. शेवटीं मीच शेजाऱ्यांच्या ओसरीवर गेलों आणि चूक कबूल केली. त्यांनीं चहा मागविला, आणि एक जाणता गवंडीही सुचविला.

दिवाळीनंतर काम काढलें. माझें सिमेंट उतरविलें, भिंत वाळूं दिली, आणि दोन्ही अर्धांना चुन्याचाच गिलावा केला. परांची एकदांच बांधल्यामुळें दोघांचाही खर्च वांचला. छपराची फुटकी पन्हळ सलग नवी बसविली; तिचा आणि सांध्याचा खर्च निम्मानिम, बाकी ज्याचा त्याचा. सिमेंट उतरविण्याचा भुर्दंड अर्थातच माझ्या एकट्याच्या माथीं. हें सारें आधीं कागदावर लिहून दोघांनीं सह्या केल्या. त्यामुळें पुढें 'मी असें म्हणालोंच नव्हतों' हा वाद उद्भवला नाहीं.

उरला रंगाचा प्रश्न. त्यांना पांढराच हवा होता, मला पिवळा. यावर तडजोडीची गरजच पडली नाहीं. त्यांनीं साधी सफेदी दिली, मीं तींत पिवडी मिसळली. दोन्ही चुन्याचेच रंग, म्हणून भिंतीला दोन्ही मानवतात. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, जोडघरांत सगळेंच एकसारखें करण्याचें कारण नाहीं. रंग, खिडक्या, फाटक हीं ज्याच्या त्याच्या आवडीचीं. पण गिलाव्याचा माल, पन्हळ आणि सांधा यांचा संबंध पाण्याशीं आहे, आणि पाणी कोणाची हद्द मानीत नाहीं. तेवढ्या तीन गोष्टींत मात्र दोघांचें एकमत हवें.

आपणांपैकीं कोणी असें काम काढणार असेल, तर त्यानें गवंड्याला बोलावण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या ओसरीवर घटकाभर बसून यावें. मीं तें काम संपल्यावर केलें, आणि त्यापायीं गिलाव्याचे पैसे दोनदां मोजले.