पावसाळ्यात कोकणची गाडी सावकाश का धावते?

गणपतीसाठी गावी निघताना वेळापत्रक पाहिले की हमखास प्रश्न पडतो : मे महिन्यात झपाट्याने पोहोचवणारी गाडी आता जास्त वेळ का घेते?

उत्तर कोकणच्या डोंगरात आहे. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. त्यावरील बोगद्यांचे आणि पुलांचे कौतुक सर्वांनाच असते; पण पावसाळ्यात खरी धास्ती असते ती डोंगर कापून काढलेल्या कटिंगची. पाणी मुरले की माती भुसभुशीत होते आणि दगड सुटतात.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली. कारवार-मुंबई गाडी तिच्यावर आदळून घसरली. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसलाही दरडीमुळेच अपघात झाला.

या अपघातांनंतर कटिंगचे उतार कमी करण्यात आले, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसल्या. पावसाळ्यात धोक्याच्या जागी अहोरात्र गस्त असते. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरहून वेग वाढवायचा नाही, अशी चालकांना सूचना असते. वेग कमी असेल तरच दरड दिसताच गाडी वेळेत थांबवता येते.

म्हणूनच साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत येथे पावसाळी वेळापत्रक असते. तिकीट आधीच काढले असले, तरी निघण्यापूर्वी गाडीची वेळ पुन्हा पाहा. परतीची गाडी आपल्या स्थानकावरून नेहमीपेक्षा लवकरही सुटू शकते. आणि वाटेत गाडी रेंगाळलीच, तर चिडू नका. तो उशीर आपल्याच जिवासाठी आहे.