पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा साइन-इन का?

माहूरच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात सकाळी संगणक सुरू होतो आणि वर्गणीचं सॉफ्टवेअर पुन्हा पासवर्ड मागतं. पासवर्ड बरोबर असतो, पैसेही भरलेले असतात. मग अडतं कुठे?

साइन-इन झालं की कंपनीचा सर्व्हर आपल्या संगणकात एक गुप्त खूण ठेवतो, तिला टोकन म्हणतात. एसटीच्या मासिक पाससारखं ते काम करतं. पास दाखवला की पुढे, मात्र त्यावर मुदत असते. मुदत संपत आली की सॉफ्टवेअर आपल्याला न विचारता नवं टोकन आणतं.

इथेच घड्याळ आडवं येतं. वीज नसताना डेस्कटॉपचं घड्याळ चालवते ती मदरबोर्डवरची नाण्याएवढी, ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी. ती संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला अजून लागूच न झालेलं दिसतं आणि तो जोडणी नाकारतो, म्हणून नवं टोकन येत नाही. वीज वारंवार जाते तिथे माझा पहिला संशय या स्वस्त बॅटरीवरच असतो.

तारीख ठीक असेल, तर 'सफाई' करणारं ॲप टोकन पुसत नाही ना, ते बघा. इंटरनेटही फार दिवस बंद ठेवू नका; मायक्रोसॉफ्ट ३६५ तर ३१ दिवसांत एकदा तरी ते मागतंच.

बरेच जण आधी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्यात दिवस जातो आणि बिघडलेलं टोकन अनेकदा तसंच राहतं. त्याऐवजी तारीख-वेळ आपोआप जुळेल अशी ठेवा, पूर्ण साइन-आउट करा, संगणक रीस्टार्ट करा आणि मग साइन-इन करा.